प्राणवायूची खोली आणि गिरिजाक्काचे फोन

सात वर्षांनी मला पुन्हा रक्त दिसलं, ते जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी. लघवी गुलाबी झाली होती. मी पाणी सोडलं, हात धुतले आणि बाहेर येऊन सुधीरना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, उपमा वाढला. त्यांना काही सांगितलं नाही. बुधवारी पुन्हा तेच झालं. असं मी तीन आठवडे लपवलं.

सात वर्षांपूर्वी मला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला होता. किमो आणि रेडिएशन घेऊन मी त्यातून उठले होते. त्यामुळे रक्त दिसणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. माझा अंदाज चुकीचा निघाला. अशा चुकीच्या अंदाजानं माणसं घरात गप्प बसून राहतात, म्हणून हे लिहायला घेतलं. आणखी एक कारण आहे. ते एका बाईचं आहे.

*

आम्ही मूळचे मिरजेचे. सुधीर इथं बंगळुरात एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, मी शाळेत गणित शिकवायचे. जे. पी. नगरला येऊन तीस वर्षं झाली तरी माझं कन्नड भाजीवाल्यापुरतंच राहिलं. म्हणून हॉस्पिटलातल्या रेडिएशनच्या तळघरात, बाकावर बसायला आलेली बाई "स्वल्प सरका की वो" म्हणाली तेव्हा मी चमकून वर पाहिलं.

ती गिरिजाक्का. इथल्याच शिवाजीनगरची, ब्लाउज शिवणारी. तिचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातच. घरात मराठी, पण निम्मी कानडीत भिजलेली. आजार माझाच, डॉक्टरही तेच. माझी वेळ सव्वानऊची, तिची साडेनऊची.

पाच आठवडे आम्ही त्या बाकावर भेटलो. रेडिएशनच्या आधी मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून दोघींनी बाटलीभर पाणी पिऊन पाय आवळून बसायचं. त्या अवस्थेत ती मला हसवायची आणि मग आमची आणखीच पंचाईत व्हायची. तिसऱ्या आठवड्यात मला अन्न जाईना, तेव्हा ती घरून नाचणीची अंबली आणू लागली. माझं नाव पुकारलं की म्हणायची, "जाऊन या टीचर, मी हाय इथंच." मशीनच्या खोलीचं जाड दार लागताना माझ्या कानात तेवढंच वाक्य असायचं.

बरी झाल्यावर मला त्या तळघरातलं काहीही नको होतं. तिथं नेसलेल्या साड्यासुद्धा मी देऊन टाकल्या. गिरिजाक्का संक्रांतीला फोन करायची, मी दोन मिनिटं बोलायचे. फोनमध्ये तिचं नाव 'गिरिजाक्का रेडिएशन' असं ठेवलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी, संक्रांत होऊन गेल्यावर तिचा पुन्हा फोन आला. "टीचर, लघवीतून रक्त जातंय. तुमाला बी होतंय का वो?"

मी म्हटलं, मला नाही होत, तुम्ही डॉक्टरांना दाखवा. आणि दारावर कुणी आलंय असं सांगून फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं. चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. पडद्यावर 'रेडिएशन' हा शब्द दिसत राहिला. मी फोन उलटा करून ठेवला. पावसाळ्यापर्यंत तिचे फोन येत होते. मी एकही उचलला नाही. मग ते यायचे थांबले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण वाटलं होतं ते तसंच.

*

तीन आठवडे लपवल्यावर एका दुपारी लघवी अडकली. रक्ताच्या गाठींनी वाट बुजली होती. तशा कळा मी बाळंतपणातही सोसल्या नव्हत्या. सुधीरनी मला बाथरूमच्या फरशीवरून उठवलं आणि हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथं जाड नळी घातली, वर सलाइनच्या मोठ्या पिशव्या टांगल्या आणि मूत्राशय धुणं सुरू केलं. नळीतला रंग लाल असायचा, जरा वेळानं गुलाबी व्हायचा, मग पुन्हा लाल. सुधीर समोर बसून नळीकडे पाहायचे. माझ्याशी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बोलले. "सात वर्षं तुझ्या प्रत्येक तपासणीला मी बाहेर बसलोय. आणि तू तीन आठवडे माझ्यासमोर नाश्ता वाढत होतीस."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि एवढी मोठी गोष्ट मी एकटीची करून टाकली होती. आमच्यातला तो ताण पुढे बरेच दिवस गेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुर्बिणीतून तपासणी झाली. संध्याकाळी युरॉलॉजिस्ट आले, खुर्ची ओढून बसले आणि आधी तेच सांगितलं जे आम्हाला ऐकायचं होतं. कॅन्सर परत आलेला नव्हता. सुधीर उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मग डॉक्टरांनी समजावलं. रेडिएशननं कॅन्सर जाळला, पण शेजारच्या मूत्राशयातल्या बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू सुकवल्या. हे काम वर्षानुवर्षं गुपचूप चालू राहतं. आतली त्वचा मग रक्ताविना कमजोर होते आणि कुठेही फुटते. त्याला रेडिएशन सिस्टायटिस म्हणतात. सगळ्यांना होत नाही, पण होतं त्यांना पाच-दहा वर्षांनीसुद्धा होऊ शकतं.

सुधीर देवाचे आभार मानत होते. मी मात्र दुसऱ्याच विचारात होते. गिरिजाक्कालाही हेच झालं असेल का, आणि तिला हे कुणी सांगितलं असेल का?

*

नळी निघाली तरी रक्त पुरतं थांबलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी सुचवली. मी हे नाव पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून मला कळलं तसं सांगते.

पोलादी भिंतींची एक बंद खोली असते. ती चेंबर. आत हवेचा दाब वाढवतात, साधारण चौदा मीटर खोल पाण्याखाली असावा इतका. त्या दाबात मास्कमधून शुद्ध प्राणवायू घ्यायचा. मग तो रक्तात एरवीपेक्षा कितीतरी जास्त विरघळतो आणि जिथं वाहिन्या सुकल्यात तिथंही थोडाथोडा पोचतो. रोज असं केलं तर हळूहळू नव्या बारीक वाहिन्या फुटतात. मला चाळीस सिटिंग सांगितली. आठवड्यातून सहा दिवस, रोज जवळजवळ दोन तास. गुण येईलच का, असं मी विचारलं. चेंबरच्या डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. पुष्कळांना येतो, सगळ्यांना नाही, म्हणाल्या.

त्यांनी आधी छातीचा एक्स-रे घेतला आणि कान तपासले, कारण दाबात फुप्फुस आणि कान यांनाच धोका असतो. नियम कडक होते. प्राणवायूजवळ ठिणगी नको म्हणून फोन नाही, नायलॉन नाही, पावडर नाही, केसांना तेल नाही. त्यांनी दिलेले सुती कपडेच घालायचे. मंगळसूत्रही काढायला लावलं. ते मी याआधी फक्त त्या तळघरात काढलं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही चौघं पेशंट आणि आत सोबतीला लता सिस्टर होत्या. दार लागलं, हवा सुसाटत आत आली, खोली गरम झाली आणि कानात दडे बसू लागले. विमान उतरताना बसतात तसे, पण थांबत नाहीत. सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे नाक दाबून हलकी फुंकर घातली, आवंढे गिळले. मग कान सुटले. त्याला मी घाबरले नाही. मी घाबरले ते दाराला. ते लागताना मी नकळत वाट पाहिली, बाहेरून कुणी तरी म्हणेल, मी हाय इथंच. कुणी म्हणालं नाही. मी खुर्चीवरून अर्धी उठले.

समोर नागराजण्णा बसले होते, बसचे निवृत्त ड्रायव्हर. मधुमेहानं त्यांच्या पायाला न भरणारी जखम झाली होती, दोन बोटं आधीच गेली होती, पाय वाचावा म्हणून ते येत होते. मास्क असल्यानं बोलता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून हात वर केला आणि श्वासाबरोबर तो सावकाश वर-खाली करू लागले. मी त्या हाताबरोबर श्वास घेतला. मध्ये पाच मिनिटं मास्क काढायला देतात, तेव्हा ते मला कळेल अशा सोप्या कानडीत म्हणाले की पहिल्या दिवशी आपण दार उघडा म्हणून ओरडलो होतो, तुम्ही बऱ्या.

*

पाचव्या की सहाव्या सिटिंगला मला आत फोनची रिंग ऐकू आली. लांबून, उशीखाली दाबलेला फोन वाजावा तशी. मी मास्क बाजूला करून सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, आत फोन कुठला, दाबानं कान वाजतात, उद्या तपासू. तपासले. कान ठीक होते.

त्यानंतर रिंग रोज यायची. दाब चढून स्थिर झाला, खोली शांत झाली की सुरू व्हायची. मी नागराजण्णांच्या हाताकडे पाहायचे, मनात पाढे म्हणायचे, एकोणतीसचासुद्धा. ती तिची ती वाजत राहायची आणि थांबायची. बाहेरच्या बाकावर कुणी गिरिजाक्कासारखा खांद्यावरून पदर घेऊन पाठमोरी बसली असली की माझी पावलं अडायची. सुधीरना मी यातलं काही सांगितलं नाही. लपवायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

अठराव्या सिटिंगनंतर लघवीतून पुन्हा रक्ताची गाठ पडली, पुन्हा लाल. इतके दिवस फुकट गेले असं वाटून मी गाडीत बसल्यावर म्हटलं, उद्यापासून मी येणार नाही. सुधीरनी गाडी बाजूला घेतली. का, म्हणून विचारलं. आणि मी सगळं सांगितलं, रक्ताचं नाही, गिरिजाक्काचं. फोन उलटा करून ठेवण्यापर्यंतचं सगळं.

त्यांनी माझ्या पर्समधला फोन काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "लाव फोन आत्ता."

नंबर अस्तित्वात नव्हता.

*

रविवारी सिटिंग नसायचं. आम्ही शिवाजीनगरला गेलो. गिरिजाक्कानं एकदा घराची खूण सांगितली होती, बस स्टँडमागच्या गल्लीत, भांड्यांना कल्हई लावणाऱ्याच्या वर. कल्हईवाला आता नव्हता, पण दोघा-तिघांना विचारल्यावर जिना सापडला. वर शिवणयंत्र चालू होतं. मला वाटलं, तीच आहे.

यंत्रावर पस्तिशीची एक बाई होती. मी गिरिजाक्काचं नाव घेतलं. ती म्हणाली, "अत्ते जाऊन दोन वर्षं झाली. मी सून त्यांची, सविता. तुमी कोण?"

मी म्हटलं, "मी जे. पी. नगरची टीचर. रेडिएशनला बरोबर होते."

तिनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं. उठून एक पाऊल मागे सरली. माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "टीचर तर गेल्या," ती म्हणाली.

तिनं बसायला खुर्च्या दिल्या. मग हळूहळू सांगितलं. रक्त जायला लागल्यावर सगळ्यांनी धरलं की कॅन्सर परत आला. गिरिजाक्का मोठ्या हॉस्पिटलात जायला तयार होईना. त्या तळघरात पुन्हा एकटी जाणार नाही म्हणायची. जवळच्या नर्सिंग होममध्ये दोन-तीनदा रक्त चढवलं. मुलगा समजावून थकला. शेवटी ती म्हणाली, "टीचर येत असली तर जाते." म्हणून फोन लावत होती. सवितानंही लावून दिले होते.

"तुमी उचलला नाही. तवा अत्ते म्हणाल्या, टीचर जित्या असत्या तर उचलला असता. त्या गेल्या. आता त्यांच्या घरच्यांना त्रास नको. मग फोन केलाच नाही." यंत्रावरचं कापड उचलत ती म्हणाली, "त्या वर्षी महालय अमावास्येला त्यांनी तुमच्या नावानं पान वाढलं. आमी एडे म्हणतो, गेलेल्यांचं पान. अत्ते गेल्यावर मी बी वाढते. दोन पानं, एक त्यांचं, एक तुमचं."

भिंतीवर गिरिजाक्काचा फोटो होता. मी तिकडे पाहू शकले नाही.

मग सवितानं अगदी साधेपणानं विचारलं, "नंबर बदलला होता का?"

सुधीर माझ्याकडे वळले. ते हो म्हणतील असं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला वाचवण्यासाठी म्हणाले असते.

"नाही," मी म्हटलं. "नंबर तोच आहे. फोन वाजत होता. मीच उचलला नाही. मला भीती वाटायची."

सविता उठली. आत गेली. बराच वेळ आली नाही. आम्ही उठायला लागलो तेव्हा दोन पेले कॉफी घेऊन आली आणि समोर ठेवली. आम्ही ती प्यालो. निघताना मी माझा नंबर कागदावर लिहून यंत्राशेजारी ठेवला. तिनं तो घेतला की नाही, पाहिलं नाही.

*

त्यानंतर सिटिंग सोडावीत असं मला आणखीच वाटलं, पण सुधीर सोमवारी सकाळी किल्ली घेऊन दारात उभे होते. "बस गाडीत," एवढंच म्हणाले. मी बसले.

रिंग थांबली नाही, पण मी तिच्याशी झगडणं थांबवलं. वाजू दिली. पंचविसाव्या सिटिंगच्या सुमारास रक्त फिकट झालं, तिशीनंतर काही दिवस दिसेनासं झालं. मला चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येऊ लागलं आणि लांबच्या बसची पाटी मात्र अंधुक झाली. डॉक्टर बाई म्हणाल्या की हे या उपचारात होतं, काही आठवड्यांत नजर पूर्ववत होईल. झाली. चाळिसाव्या दिवशी दाब उतरताना नेहमीप्रमाणे खोली गार पडली, हवेत धुकं आलं, आणि दार उघडलं. नागराजण्णांची अजून दहा राहिली होती. त्यांची जखम भरत आली होती. त्यांनी हात वर केला आणि सावकाश खाली आणला.

पुढच्या तपासणीत मूत्राशय बरंच सुधारलेलं दिसलं. पुन्हा रक्त येणार नाही अशी हमी कुणी दिलेली नाही. मीही तुम्हाला देणार नाही.

वाचणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत. रेडिएशननंतर कितीही वर्षांनी रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. ते कॅन्सरचंच असेल असं नाही, आणि असलं तरी लपवून कमी होत नाही. दुसरं, इंदिरानगरला जाता-येता मला या उपचाराच्या पाट्या दिसतात, तेज, तारुण्य, थकवा सगळ्यावर इलाज म्हणून. आमच्या डॉक्टर बाईंच्या मते हा मोजक्याच आजारांचा उपचार आहे. रेडिएशनची इजा, मधुमेहाच्या न भरणाऱ्या काही जखमा, विषारी धुराची बाधा, पाणबुड्यांचा आजार, असे थोडे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठल्याही चेंबरमध्ये बसू नका. आणि आत बसलात तर पहिल्या दिवशी भीती वाटते. वाटू द्या.

*

महालय अमावास्येच्या आदल्या दिवशी, सकाळी, सविताचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. "उद्या पान किती वाढू?" तिनं विचारलं.

मी गॅस बंद केला.

"तुमी या," ती म्हणाली. "मग बघू."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. फोटोसमोर केळीचं एक पान वाढलेलं होतं, भात, सांबार, वडे, पायस, आणि शेजारी घडी घातलेला नवा ब्लाउजपीस. माझं ताट मात्र समोरच्या भिंतीशी, पाटासमोर मांडलं होतं. म्हणजे तिनं एकच पान वाढलं होतं.

मी म्हटलं, "त्यांना सांगितलंस का?"

"सांगितलं. टीचर जित्या हायत म्हणून सकाळीच सांगितलं."

"आणि फोनचं?"

सवितानं उदबत्ती नीट खोचली. "ते मी का सांगू?" ती म्हणाली. "ते तुमचं तुमी सांगा."

ती आत निघून गेली आणि मधलं दार लोटून घेतलं. मी पाट उचलून फोटोसमोर ठेवला आणि बसले. त्या रविवारी जमलं नव्हतं, आता पहिल्यांदाच गिरिजाक्काच्या तोंडाकडे पाहिलं. ती माझ्या आठवणीपेक्षा लहान दिसत होती. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता.

"गिरिजाक्का," मी म्हटलं, "दारावर कुणी नव्हतं."